तिथं पुळी दिसली तर: आधी नीट बघा, मग घाबरायचं का ते ठरवा

त्वचारोगाच्या ओपीडीत एक प्रसंग आठवड्यातून दोनदा तरी घडतो. विशी-बाविशीतला मुलगा येतो आणि केस गळतात म्हणून सांगतो. मी तपासतो, औषध लिहून देतो. तो उठतो, दारापर्यंत जातो, कडीवर हात ठेवतो आणि तिथूनच म्हणतो, "सर, अजून एक होतं." मग परत येऊन बसतो. पुढची पाच मिनिटं माझ्याकडे न बघता टेबलावरच्या पेनांकडे बघत बोलतो. केस गळणं हे निमित्त असतं, खरं दुखणं हे दुसरंच.

असाच एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी आठवतो. लिंगाच्या टोकाच्या कडेला बारीक दाण्यांची रांग दिसली म्हणून आठ महिने तो झोपलेला नव्हता. मोबाइलवर फोटो ताडून बघत त्याने स्वतःच ठरवलं की या गुप्तरोगाच्या चामखिळी आहेत. मग पायाच्या कुरूपावर लावायचं आम्लाचं औषध आणून तिथं लावलं. माझ्याकडे आला तेव्हा दाणे जसेच्या तसे होते आणि भोवतालची कातडी मात्र जळून सोलली होती. ते दाणे म्हणजे आजार नव्हता. ती त्याच्या शरीराची जन्मजात ठेवण होती, आणि ती अनेक पुरुषांत असते. आठ महिन्यांपूर्वी कुणी त्याला एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. त्याच्यासारख्यांसाठी हा लेख आहे. आणि जे अगदी उलट, खरी जखम असूनही "दुखत तर नाही" म्हणून गप्प बसतात, त्यांच्यासाठी तर जास्तच आहे.

पायरी पहिली: उजेडात, सावकाश बघा

रात्री बाथरूममध्ये मोबाइलच्या टॉर्चने बघू नका. त्या पांढऱ्या झोतात प्रत्येक छिद्र डोंगराएवढं दिसतं. सकाळी आंघोळीनंतर, खिडकीजवळच्या उजेडात, स्वच्छ हातांनी बघा. खालची बाजू आणि अंडकोशाची मागची बाजू दिसायला छोटा आरसा घ्या. पुढची कातडी मागे सरत असेल तर हळुवार मागे घेऊन आतूनही बघा. सरत नसेल तर जबरदस्ती करू नका, पण ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे. बघून झालं की कातडी परत पुढे आणायला विसरू नका. ती मागेच राहिली तर टोकाला सूज येऊन आवळून बसते.

दाबायचं नाही, नखाने उचकटायचं नाही. कागदावर तारीख लिहा. हवं तर स्वतःपुरता एक फोटो काढा, फक्त तो घरच्या सगळ्यांच्या गॅलरीत आपोआप जाणार नाही ना, हे आधी तपासा. त्यानंतर आठवडाभर पुन्हा बघू नका. दिवसातून दहा वेळा बघितलं की बदल कळत नाही, नुसती भीती वाढते. शिवाय सारखं ताणून चोळून कातडी लाल होते आणि तीच लाली नवं लक्षण वाटू लागते.

पायरी दुसरी: दिसतंय त्याला नेमकं नाव द्या

"तिकडे काहीतरी आलंय" या वाक्यातून डॉक्टरला काही कळत नाही, आणि तुम्हालाही नाही. आपल्या भाषेत यासाठी उत्तम शब्द आहेत, ते वापरा. टणक, आत पू नसलेला बारीक उंचवटा म्हणजे दाणा. पू भरलेली ती पुळी. पाणी भरलेला तो फोड. कातडीखाली बोटाला लागते ती गाठ. वर उगवल्यासारखी, खरखरीत ती चामखीळ. सपाट, रंग बदललेला तो चट्टा. आणि कातडी फाटून आतला ओला भाग दिसतो ती जखम.

मग चार गोष्टी लिहून काढा. नेमकं कुठं आहे? एकच आहे की अनेक, आणि अनेक असतील तर रांगेत, घोळक्यात की विखुरलेले? कधीपासून आहे आणि तेव्हापासून वाढलंय का? दुखतं, खाजतं, की काहीच होत नाही?

या चौथ्या प्रश्नावर मला जरा थांबायचंय, कारण बहुतेकांचा घोळ इथंच होतो. दुखलं म्हणजे गंभीर आणि दुखत नाही म्हणजे किरकोळ, असं आपण धरून चालतो. या भागात ते बऱ्याचदा उलटं असतं. दाढीसारखा तिथं वस्तरा फिरवल्यावर केस आत वळून येणारी पुळी ठणकते, आणि ती चार दिवसांत बरी होते. सिफिलिसची, म्हणजे जुने लोक जिला गरमी म्हणत तिची पहिली जखम मात्र सहसा दुखत नाही. लिंगाच्या कॅन्सरची सुरुवातही अनेकदा न दुखणारी असते. तेव्हा "दुखत नाही" हे कारण सांगून स्वतःला समजावू नका.

पायरी तिसरी: जे शरीराचंच आहे ते ओळखा

सर्वात जास्त घाबरवणारी आणि सर्वात निरुपद्रवी गोष्ट म्हणजे त्या विद्यार्थ्याची मोत्यांची रांग. लिंगाचं पुढचं गुळगुळीत टोक जिथं संपतं, तिथल्या कडेला एक-दोन मिलिमीटरचे, कातडीच्याच रंगाचे किंवा पांढरट, गुळगुळीत दाणे एका किंवा दोन रांगांत गोल फिरलेले असतात. वैद्यकात त्यांना पर्ली पेनाइल पॅप्युल्स म्हणतात. वयात येताना किंवा विशीत ते दिसू लागतात, वय वाढेल तसे पुसट होत जातात. संसर्ग नाही, अस्वच्छतेमुळे नाही, हस्तमैथुनामुळे नाही, संबंधांमुळेही नाही. बायकोला काही होत नाही. औषध लागत नाही. भिंग आणि दिवा असलेल्या डर्मोस्कोपमधून बघितलं की प्रत्येक दाण्यात बारीक रक्तवाहिनी दिसते आणि सगळे दाणे एकमेकांपासून सुटे, एकसारखे, ओळीत मांडल्यासारखे दिसतात. मी मुलांना ते पडद्यावर दाखवतो. तेवढं दाखवल्यावर त्यांचे खांदे खाली येतात, मला ते प्रत्येक वेळी दिसतं.

चामखिळींशी यांची गल्लत होते, म्हणून फरक सांगतो. मोत्यांचे दाणे एका मापाचे, गुळगुळीत आणि वर्षानुवर्षं तेवढेच असतात, आणि ते त्या कडेची जागा सोडत नाहीत. चामखिळी लहान-मोठ्या, वरून खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या असतात, कुठंही उगवतात आणि काही आठवड्यांत वाढतात.

दुसरी गोष्ट फोर्डाइस ठिपके. लिंगाच्या दांड्यावर आणि अंडकोशावर पिवळट-पांढरे बारीक ठिपके, कातडी ताणली की जास्त ठळक. या तेलग्रंथी आहेत, नेहमीच्या जागेपेक्षा थोड्या वर आलेल्या. कातडीवर सगळीकडे असतात तशाच, फक्त इथं बहुतेकींना केस नसतो. आरशात वरच्या ओठाची कड बघा, अनेकांना तिथंही तेच ठिपके सापडतील. जॉन ॲडिसन फोर्डाइस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचं वर्णन केलं. पिळून त्यातून खडूसारखं काही निघतं म्हणून काही जण पिळत बसतात. त्याने ठिपका जात नाही, सूज मात्र येते.

त्याच फोर्डाइसच्या नावाची तिसरी गोष्ट जरा भीतीदायक दिसते. अंडकोशावर गडद लाल, जांभळे, कधी काळपट बारीक ठिपके, बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीनंतर. फुगलेल्या केशवाहिन्या आहेत त्या, वरची कातडी थोडी जाड झालेली. खाजवलं तर रक्त येतं आणि अंतर्वस्त्रावर डाग पडला की माणूस हादरतो. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा, थांबतं. एकदा डॉक्टरला दाखवा, मग निश्चिंत राहा. फक्त लहान वयात असे पुष्कळ ठिपके कंबरेपासून मांड्यांपर्यंत उठले आणि हातापायांची आग होत असेल, तर फॅब्री नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार असू शकतो, तो तपासायला हवा.

बाकीचं भराभर सांगतो. खालच्या बाजूला कातडीला बांधून ठेवणारी जी बारीक दोरी असते, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा दाणा असणं नेहमीचं आहे. लिंगाच्या खालून अंडकोशाच्या मधोमध गेलेली रेघ ही शिवण जन्मापासूनची. अंडकोशाच्या कातडीत हरभऱ्याएवढ्या, टणक, पांढरट-पिवळ्या, कातडीबरोबर हलणाऱ्या एक-दोन किंवा पुष्कळ गाठी असतील तर त्या बहुधा साध्या पुटकगाठी, म्हणजे कातडीतल्या बंद पिशव्या. नको असतील तर किरकोळ शस्त्रक्रियेने काढता येतात, पण घरी पिळायच्या नाहीत. आणि जोरकस संबंधानंतर किंवा हस्तमैथुनानंतर टोकाच्या मागे एकाएकी दोरीसारखी टणक, न दुखणारी वळी उठली, तर ती लसवाहिनी (लसिका नावाचा पातळ द्रव वाहून नेणारी नळी) किंवा शीर तात्पुरती तुंबलेली असते. काही आठवडे विश्रांती दिली की जाते.

लहान मुलाच्या आयांसाठी एक वेगळी ओळ. पुढच्या कातडीखाली मऊ पांढरी गोळी दिसली तर ती बहुधा साठलेला मळ असतो, पू नव्हे. कातडी जसजशी सुटी होईल तसा तो आपोआप बाहेर येतो. ओढू नका.

पायरी चौथी: उपचार लागतो, पण "तसला" रोग असेलच असं नाही

लिंगावर आणि अंडकोशावर खाजणारे लालसर दाणे, आणि खाज रात्री अंथरुणात वाढते. हे ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, "घरात किंवा रूमवर अजून कुणाला खाजतंय का?" उत्तर हो आलं आणि बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवतीही दाणे सापडले, तर ती खरूज. जवळच्या सहवासातून पसरते. वसतिगृहात एकाला झाली की काही आठवड्यांत खोलीभर होते. उपचार सोपा आहे, चुकतो तो पद्धतीमुळे. पाच टक्के परमेथ्रिनचं मलम फक्त दाण्यांवर नाही, मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला, बोटांच्या फटी आणि नखांखालीही, रात्री लावून सकाळी धुवायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसली तरीही. आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. किडा मेल्यावरही लिंगावरचे आणि अंडकोशावरचे दाणे कित्येक आठवडे खाजत राहतात, ती कातडीची प्रतिक्रिया असते. लोक घाबरून दर चार दिवसांनी मलम फासत बसतात आणि कातडी कोरडी ठाक करून घेतात.

दुसरं, मधुमेह. पंचेचाळिशीचा माणूस येतो, पुढच्या कातडीच्या टोकाला कागदाने कापल्यासारख्या बारीक चिरा, आत लाल दाणे, दह्यासारखा पांढरा थर, लघवीला आग. हा बुरशीचा संसर्ग असतो. मलमाने बरा होतो, पण पुन्हा पुन्हा येत असेल तर रक्तातली साखर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कित्येकांना मधुमेह असल्याचं पहिल्यांदा याच चिरांमुळे कळतं. मधुमेहावर डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, कारण या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका. लघवीनंतर पाण्याने धुवा, कोरडं करा आणि डॉक्टरांना सांगा.

तिसरं फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. टोकावर अचानक लाल-काळपट गोल चट्टा किंवा फोड, आग होते, आठवड्यात बरा होतो आणि काळा डाग मागे राहतो. दोन-चार महिन्यांनी नेमका त्याच जागी पुन्हा. हा बऱ्याचदा औषधाचा चट्टा असतो. जुलाबाच्या, तापाच्या, अंगदुखीच्या गोळीनंतर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो उठतो. सल्फाच्या, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारख्या गोळ्या आणि वेदनाशामकं यात वारंवार सापडतात. मी अशी नवरा-बायको पाहिली आहेत, ज्यांच्यात या चट्ट्यावरून वर्षभर संशय धुमसत होता, आणि दोष होता जुलाबाच्या गोळीचा. चट्टा आला की त्याआधीच्या दोन दिवसांत घेतलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट घेऊन या.

पायरी पाचवी: हे दिसलं तर थांबू नका

चामखिळी कशा दिसतात ते वर सांगितलं. त्या मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे, बहुतेक वेळा त्याच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. कॅन्सरशी ज्यांचा संबंध जास्त, ते १६ आणि १८ हे प्रकार वेगळे. संसर्गानंतर चामखीळ दिसायला काही आठवडे ते कित्येक महिने लागू शकतात. म्हणून आज दिसली यावरून कालचा संबंध सिद्ध होत नाही. उपचारात गोठवणं, जाळणं, लावायची औषधं असं बरंच आहे. पुन्हा येऊ शकतात, दोन-तीन फेऱ्या लागतात, निराश होऊ नका. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांसाठी आहे, ९ ते २६ वर्षांच्या मुलींसाठी तशीच मुलग्यांसाठीही. आलेली चामखीळ लशीने जात नाही, पुढचा संसर्ग टळतो. मुलगा वयात यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना याबद्दल विचारा.

मोत्यासारखा चकचकीत दाणा आणि मधोमध टाचणीने टोचल्यासारखा खळगा असेल तर ते मोलस्कम. हाही विषाणूच, स्पर्शाने पसरतो. बहुतेकांत महिन्यांनी आपोआप जातो. मोठ्या माणसात ते पुष्कळ आले, चेहऱ्यावरही आले, तर एचआयव्ही तपासणी करून घ्यावी.

आधी झिणझिण्या किंवा आग, मग लाल जागेवर पाण्याचे बारीक फोड घोळक्याने, ते फुटून दुखऱ्या जखमा, हे नागीण-कुळातल्या हर्पीस विषाणूचं चित्र. पहिल्या वेळी ताप, जांघेत गाठी आणि दोन-तीन आठवडे त्रास असतो. विषाणू शरीरात राहतो, ताण किंवा आजारपणात पुन्हा डोकं वर काढतो, पण पुढच्या खेपा सौम्य होत जातात. असायक्लोव्हिरसारख्या गोळ्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केल्या तर खरा उपयोग. फोड असताना संबंध टाळायचे.

आणि आता गरमी. एकच जखम, कडा टणक, बोटाला बटणासारखी लागणारी, तळ स्वच्छ, दुखत नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, पण १० ते ९० दिवसांत कधीही येऊ शकते. मग काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत भरून निघते. इथं घात होतो. माणसाला वाटतं, सुटलो. रोग आत शिरलेला असतो. काही आठवड्यांनी अंगभर, तळहातांवर आणि तळपायांवरही न खाजणारं पुरळ येतं, तेही जातं. आणि काही वर्षांनी रोग मेंदू, डोळे, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचू शकतो. पत्नी गरोदर असेल तर बाळालाही. इतक्या भयंकर रोगाचा उपचार सुरुवातीच्या टप्प्यात बेंझाथीन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एका दिवसाचं इंजेक्शन. कंबरेत दोन बाजूंना टोचतात, दुखतं, पण काम करतं. म्हणून भरून आलेली जखमही दाखवा, तारीख सांगा, रक्त तपासा.

शेवटी जी गोष्ट सांगताना माझा आवाज दर वेळी चढतो, ती. लिंगाचा कॅन्सर. पाश्चात्त्य देशांत फार विरळा, आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त दिसतो. टोकावर किंवा पुढच्या कातडीच्या आतल्या बाजूला तो सुरू होतो. ज्यांची कातडी मागे सरतच नाही, जे तंबाखू किंवा बिडी-सिगारेट ओढतात, त्यांना धोका अधिक. पहिल्या पायरीत लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते याचसाठी: कातडी बंद असेल तर आतली वाढ दिसत नाही. वास येतो, पाणी येतं, कपड्याला रक्ताचा डाग लागतो. साठीचे आजोबा मुलाला सांगायला लाजतात, मुलगा विचारायला लाजतो, आणि वर्षभराने जांघेतल्या गाठी घेऊन येतात. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, वाढत जाणारी गाठ, लाल मखमलीसारखा किंवा पांढरा जाड चट्टा, मोठेपणी नव्याने घट्ट होत गेलेली कातडी. यातलं काहीही असेल तर मलम बदलत बसायचं नाही, तुकडा काढून तपासणी करून घ्यायची. लवकर सापडला तर बऱ्याचदा लिंग वाचवून उपचार होतो. वडिलांना विचारा. अवघडल्यासारखं होईल, तरी विचारा.

त्याच रात्री दवाखाना गाठायचा तो यासाठी

अंडकोशात एकाएकी असह्य कळ, उलट्या, एक वृषण (अंडकोशातली गोटी) वर चढल्यासारखं: वृषणाला पीळ पडला असू शकतो, साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते वाचण्याची शक्यता चांगली असते. मागे घेतलेली कातडी पुढे येत नाही आणि टोक सुजलंय. मधुमेहीच्या अंडकोशाला किंवा त्यामागच्या भागाला सूज, ताप, काळेपणा, घाण वास: हा जिवाशी खेळ आहे, सकाळची वाट बघू नका. वृषणालाच चिकटलेली टणक, न दुखणारी गाठ ही रात्रीची धावपळ नाही, पण त्याच आठवड्यात सोनोग्राफी हवी, विशेषतः पंधरा ते पस्तीस वयात.

काय लावायचं नाही

बिब्बा. चुना आणि सोडा. लसणाची पेस्ट. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं. पायाच्या कुरूपाचं औषध. जंतुनाशक द्रव पाणी न घालता. अंडकोशाची कातडी अंगावरच्या इतर कातडीपेक्षा खूप पातळ असते, बिब्ब्याने तिथं जे फोड येतात ते मी पाहिलेत, मूळ चामखीळ त्यांच्यापुढे काहीच नसते.

आणि मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेलं ते "सगळ्यावर चालणारं" मलम. त्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून लोकांना ते आवडतं. मग जांघेतला नायटा पसरतो, कातडी कागदासारखी पातळ होते, मांड्यांवर कायमचे पांढरे ओरखडे पडतात. खरजेवर लावलं तर खरूज लपते. डॉक्टरने बघितल्यावर काय आहे ते ओळखू येऊ नये, अशी अवस्था होऊन माणूस येतो. माझ्याकडे यायच्या आधी काहीही लावू नका, साधं पाणी पुरे.

लोकलमध्ये, एसटी स्टँडच्या मुताऱ्यांवर "गुप्तरोग, गॅरंटीने इलाज" म्हणून कागद चिकटवलेले असतात. त्या नंबरवर फोन करणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला लाज वाटत असते आणि तिथं कुणी ओळखीचं भेटणार नाही याची खात्री असते. म्हणूनच पुढचं सांगतो.

कुठं जायचं आणि काय बोलायचं

डॉक्टर हवा तो त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ, एमडी किंवा डीव्हीडी (त्वचा व गुप्तरोगाची पदविका) झालेला. कातडी घट्ट असेल किंवा वाढ दिसत असेल तर मूत्ररोगतज्ज्ञ किंवा सर्जन. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत "सुरक्षा क्लिनिक" असतं. तिथं लैंगिक आजारांची तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत मिळतात. कुठं जायचं कळत नसेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत नंबर. फक्त एड्सपुरता नाही, लैंगिक आजारांबद्दलही तिथं विचारता येतं.

केसपेपर काढताना खिडकीवर "त्वचा" एवढंच म्हणा, पुरे आहे. आत गेल्यावर पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा, म्हणजे दाराच्या कडीपर्यंत जाऊन परत यावं लागणार नाही. "डॉक्टर, लिंगावर तीन आठवड्यांपासून एक जखम आहे, दुखत नाही." बस, एवढंच. कागदावर लिहून पुढे सरकवलं तरी चालतं, मी ते आनंदाने वाचतो. तपासणीच्या वेळी आणखी कुणी खोलीत नको असेल तर तसं सांगा.

डॉक्टर संबंधांबद्दल विचारतील: शेवटचा कधी, निरोध होता का, जोडीदार पुरुष की स्त्री, किती. हे प्रश्न चारित्र्य तपासायला नसतात. जखम दहा दिवसांची आहे की दोन महिन्यांची आणि संबंध कधी आला, यावरून कुठली तपासणी आज खरी निघेल ते ठरतं. गरमीची व्हीडीआरएल ही रक्ताची चाचणी जखमेच्या अगदी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, ती पुन्हा करावी लागते. एचआयव्हीचंही तसंच, शेवटच्या धोक्यानंतर तीन महिन्यांनी एकदा खात्री करावी लागते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार ही तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

घरी सांगायचं कसं

मोत्यांचे दाणे, फोर्डाइस ठिपके, औषधाचा चट्टा असेल तर सांगायला काहीच अडचण नाही, उलट डॉक्टरांसमोर दोघांनी एकत्र ऐकावं. खरूज असेल तर सगळ्या घराला सांगावंच लागतं. गरमी, हर्पीस, चामखिळी असतील तर जोडीदाराची तपासणी टाळता येत नाही. तुम्हाला एकट्याला इंजेक्शन देऊन उपयोग नाही, रोग घरातच फिरत राहील. शब्द सापडत नसतील तर समुपदेशकाला सांगा, ते दोघांना समोर बसवून बोलतात. हर्पीस आणि चामखिळींत विषाणू कित्येक वर्षं गप्प राहू शकतो, म्हणून "हे कुठून आलं" या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्राकडेही नेहमी नसतं. हे दोघांनाही डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या.

उपचार चालू असेपर्यंत आणि जखम पूर्ण भरेपर्यंत संबंध नकोत. पुढे निरोध वापरावा. हर्पीस आणि चामखिळींपासून त्याने पूर्ण संरक्षण होत नाही, कारण त्याने न झाकलेल्या कातडीतूनही ते पसरतात, पण धोका कमी होतो. गरमीच्या इंजेक्शननंतर सहा आणि बारा महिन्यांनी व्हीडीआरएलचा आकडा खाली आलाय का ते बघायचं असतं. इंजेक्शन घेतलं त्या दिवशीच, दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आधी, त्या दोन्ही तारखा फोनमध्ये टाकून ठेवा.